पाठीतलं पाणी आणि त्याच्या जोडीचं रक्त

गेल्या महिन्यात आचऱ्याहून एक गृहस्थ आमच्या लॅबमध्ये आले. हातात घडी घालून घालून मऊ झालेला एक कागद. बायकोला एमएसचा, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचा, संशय आहे, पाठीतून पाणी काढून तपासायचं सांगितलंय. मला एवढंच विचारायला ते दीड तास एसटीनं आले होते: "काढू देऊ काय, मॅडम?"

मी त्यांना बसायला सांगितलं, हातातलं काम सहकारी मुलीकडे दिलं आणि पाऊण तास बोलत राहिले. रात्री घरी आल्यावर वाटलं, हे सगळं एकदा लिहूनच काढावं. आपल्या पट्ट्यात हा प्रश्न पडलेलं माणूस एकटंच असतं. गावात दुसरं कुणी त्या आजाराचं नसतं, आणि शेजारपाजारचे जे सांगतात ते ऐकून पाय लटपटतात.

मी कुडाळला एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डीएमएलटी होऊन एकोणीस वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं कुणाला सांगणार नाही. नमुन्याचं मात्र सांगेन, कारण ते माझं रोजचं काम आहे, आणि कारण माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या वेळी त्याच कामात मी कमी पडले.

धाकटी मालवण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०२२च्या गणपतीत आम्ही दोघी माहेरच्या पडवीत बसून पत्री निवडत होतो. ती एक जास्वंद हातात धरून बघतच राहिली. म्हणाली, "ताई, ही कालची फुलं आहेत का गं?" फुलं सकाळी मीच काढली होती. मग तिनं उजवा डोळा हातानं झाकला आणि म्हणाली, फूल विटकरी दिसतंय. डावा झाकला तर लालभडक. डोळा फिरवला की आतून दुखायचंही. तालुक्याला एका ठिकाणी दाखवलं, चष्म्याचा नंबर बदलून दिला, थेंब दिले. तीन आठवड्यांत बरं वाटलं. कागद कुणी ठेवला नाही. दृष्टीच्या नसेला सूज आली की सगळ्यात आधी लाल रंग फिका पडतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात, ऐन उकाड्यात, तिच्या कमरेखाली बधिरपणा आला. शाळेतून येताना एका पायातली चप्पल वाटेत राहिली आणि तिला ते घराच्या पायरीवर आल्यावर कळलं. कोल्हापूरला नेलं. एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे डाग, मणक्यात एक. न्यूरॉलॉजिस्टनी शांतपणे समजावलं: आपल्याच शरीरातली रोगप्रतिकारक यंत्रणा मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टन खाते आहे असा संशय आहे. पक्कं करायला सीएसएफ, म्हणजे पाठीतलं पाणी, तपासू.

आई घाबरली. "पाठीतला पाणी काढल्यार माणूस कायमचो झोपता म्हणतत. नको गो." हे वाक्य मी तेव्हापासून निदान दहा जणांकडून ऐकलंय, म्हणून याचं उत्तर नीट देते. मज्जारज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारी मुख्य दोरी, मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. तिथे दोरी नसतेच, पाण्यात तरंगणाऱ्या सुट्या नसा असतात आणि त्या सुईपुढून बाजूला सरकतात. हाइन्रिक क्विंके नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८९१मध्ये ही पद्धत घालून दिली. पाणी काढलं तर संपेल का, हा आईचा दुसरा प्रश्न. मोठ्या माणसाच्या मेंदू आणि मणक्याभोवती मिळून साधारण १५० मिलिलिटर पाणी असतं आणि शरीर रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवं बनवतं. काढतात दहा-पंधरा मिलिलिटर. दोन-तीन तासांत भरून येतं.

सगळं ऐकून झाल्यावर आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "डोळ्यातला पाणी चलाचा नाय काय गो? ता तर माझ्या चेडवाकडे खूप आसा."

त्या वेळी मी तिचा हात धरून नुसती बसले. पुढे वाचताना कळलं की पाठीतल्या पाण्यात जी प्रतिपिंडं, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेनं बनवलेली प्रथिनं, शोधतात तीच संशोधक खरोखर अश्रूंत आणि लाळेतही शोधतायत. निदान करावं इतकं ते अजून पक्कं झालेलं नाही. ज्या दिवशी होईल त्या दिवशी मी आईला पहिला फोन करीन.

आता आमची चूक. कोल्हापूरला पाणी काढलं. तिथून नमुना मुंबईच्या एका मोठ्या लॅबला गेला. धाकटीला सुईनंतर चार दिवस भयंकर डोकं दुखलं, आडवं झालं की कमी, बसलं की कपाळावर घण. अकराव्या दिवशी रिपोर्ट आला. पेशी थोड्या वाढलेल्या, साखर बरोबर, क्षयाचं काही नाही. आणि ज्यासाठी हे सगळं केलं त्या ओळीसमोर लिहिलं होतं: रक्ताचा नमुना सोबत न आल्यामुळे तुलना करता आली नाही. पाणी पेशी-प्रथिनांच्या तपासण्यांत संपलं होतं. म्हणजे पुन्हा सुई.

त्या ओळीचा अर्थ मला वाचताक्षणी कळला, आणि म्हणूनच ती मला आजही टोचते. पाणी काढलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसले होते. दंडाला पट्टा बांधून पाच मिलिलिटर रक्त ओढायला मला दोन मिनिटं लागतात. फॉर्म एकदा मागून बघितला असता तर "सिरम", म्हणजे रक्ताचा वरचा नितळ भाग, यासमोरचा चौकोन रिकामा दिसला असता. आम्ही कुडाळला सीएसएफ तपासतो ते मेंदूज्वरासाठी: पेशी, प्रथिनं, साखर, आणि क्षयाचा संशय असेल तर एडीए. त्यात पाणी एकटं आलं तरी चालतं. एमएसच्या तपासणीत चालत नाही, हे मी अभ्यासक्रमात वाचलं होतं आणि त्या दिवशी बहीण म्हणून बसले होते, टेक्निशियन म्हणून नाही.

जोडीचं रक्त का लागतं, ते सांगते. कारण माझ्या मते या सगळ्या तपासणीचा जीव त्यातच आहे.

सीएसएफमध्ये आयजीजी हे प्रतिपिंड सापडलं, तर ते दोन वाटांनी आलेलं असू शकतं. एक तर रक्तातून झिरपून, किंवा मेंदूच्या आतच घुसून बसलेल्या पेशींनी तिथल्या तिथे बनवलेलं. एमएसमध्ये आपल्याला दुसरं शोधायचं असतं. पाण्यातला आकडा एकटा बघून हे कळत नाही. म्हणून अल्ब्युमिनचा आधार घेतात. अल्ब्युमिन फक्त यकृतात बनतं, मेंदूत बनतच नाही, म्हणजे सीएसएफमध्ये जेवढं सापडेल तेवढं सगळं रक्तातून आलेलं. किती झिरपतंय त्याचं मोजमाप आपोआप मिळालं. मग आयजीजीचं पाणी-रक्त प्रमाण काढायचं आणि त्याला अल्ब्युमिनच्या पाणी-रक्त प्रमाणानं भागायचं. स्वीडनच्या हान्स लिंक आणि टिबलिंग यांनी १९७७मध्ये हा आयजीजी इंडेक्स मांडला. साधारण ०.७च्या वर गेला तर आयजीजी आत बनतंय असं धरतात.

धाकटीचे आकडे मला पाठ आहेत. आयजीजी पाण्यात ५.२, रक्तात १३००. भागाकार ०.००४. अल्ब्युमिन पाण्यात १८, रक्तात ४०००. भागाकार ०.००४५. इंडेक्स ०.८९. चार आकड्यांपैकी दोन रक्ताचे. ते नसतील तर उरलेले दोन कागदावर नुसते पडून राहतात.

इंडेक्सपेक्षाही महत्त्वाची तपासणी म्हणजे ऑलिगोक्लोनल बँड. हे मी आचऱ्याच्या त्या गृहस्थांना आंब्यावरून समजावलं, कारण त्यांची स्वतःची कलमं आहेत. रायवळाच्या बाठ्या टाकल्या तर प्रत्येक झाडाचा आंबा वेगळा. निरोगी माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडं तशी, लाखो तऱ्हांची. जेलच्या पट्टीवर त्यांना विजेच्या दाबाखाली धावायला लावलं, की प्रत्येक जण आपापल्या आम्लतेच्या जागी जाऊन थांबतो, आणि इतक्या तऱ्हा असल्यामुळे सगळा मिळून एक सलग धुरकट डाग दिसतो. पण एका हापूसच्या झाडापासून शंभर कलमं बांधली, तर शंभर झाडांचा आंबा एकच. मेंदूच्या आत काही मोजक्याच पेशींचा वंश असा वाढतो. एका वंशातल्या सगळ्या पेशी हुबेहूब एकच प्रतिपिंड करतात आणि ते सगळं पट्टीवर एकाच जागी थांबतं, म्हणून तिथे ठसठशीत रेघ उमटते. मोजके वंश, मोजक्या रेघा. गृहस्थ लगेच म्हणाले, "म्हणजे आतमध्ये कुणीतरी बाग केल्यान!" मला इतकं अचूक सांगता आलं नसतं.

आता हीच रेघ रक्ताच्या पट्टीवरही असेल, तर ती बाग बाहेरची, शरीरात दुसरीकडे कुठल्यातरी संसर्गामुळे झालेली. म्हणून दोन पट्ट्या शेजारी-शेजारी लावून बघतात. पाण्यात आहे आणि रक्तात नाही अशा दोन किंवा अधिक रेघा असल्या तर तपासणी पॉझिटिव्ह. पाण्यात काहीतरी जास्त आहे हे एल्विन काबाट आणि सहकाऱ्यांनी १९४२मध्येच दाखवलं होतं. आजची पद्धत त्याहून कितीतरी बारकाईची आहे, पण रेघा शेवटी जाणकाराच्या डोळ्यांनीच वाचतात.

दुसरी सुई जुलैत झाली. धाकटीला पुन्हा घाट चढवायची कुणाचीच छाती नव्हती, म्हणून न्यूरॉलॉजिस्टशी बोलून आपल्याच जिल्ह्यातल्या एका फिजिशियननी पाणी काढलं. या वेळी बोथट टोकाची, बारीक सुई मागवली होती. तिनं पाण्याभोवतीच्या पडद्याला काप जात नाही, त्याचे तंतू नुसते बाजूला सारले जातात. डोकं दुखलं नाही. ज्यांना ही तपासणी करायची आहे त्यांनी ही सुई मिळेल का, एवढं जरूर विचारावं.

पाणी मी हातात घेतलं. शहाळ्याचं पाणीसुद्धा त्याच्यापुढे गढूळ वाटेल इतकं नितळ. पेशी लगेच मोजायला दिल्या, कारण बाहेर आल्यावर तास-दोन तासांत पेशी विरघळायला लागतात. प्रतिपिंडं मात्र थंडीत काही दिवस टिकतात. मग तिच्या दंडाचं रक्त मीच घेतलं. गोठू दिलं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, वरचं पिवळसर सिरम वेगळं केलं. दोन्ही ट्यूबवर नाव, तारीख, वेळ. वेळेत दहा मिनिटांचा फरक.

बाहेर पाऊस कोसळत होता आणि घाटात दरड आल्यामुळे कुरिअरची गाडी येणार नव्हती. आमच्याकडे नमुन्याची थंड पेटी होती ती दुसऱ्या कामाला गेलेली. भावोजींनी बाजारातून कोरी थर्माकोलची पेटी आणली, मी आइसपॅक आणि नमुन्याच्या मध्ये कापडाची घडी घातली, गोठू नये म्हणून, आणि संध्याकाळी कोकणकन्या पकडली. पेटी मांडीवर. समोरच्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, "काय बाय, सुरमय न्हेतस मुंबयक?" मी मान हलवली. बहिणीचं आहे म्हणाले. काय ते सांगितलं नाही. रत्नागिरी गेल्यावर त्यांनी आपली शाल काढून पेटीवर घातली. पेटी थंड ठेवायची होती, शालीनं ती थंडच राहिली. सकाळी लॅबचा दरवाजा उघडायच्या आधी मी पायरीवर होते.

सात रेघा. सातही पाण्यात, रक्तात एकही नाही.

या सात रेघांनी काय केलं? डोळ्याच्या पहिल्या झटक्याचा कागद नव्हता, त्यामुळे हिशेबात एकच झटका धरता येत होता. आजार वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी दिसला पाहिजे, असा एमएसच्या निदानाचा मॅकडोनाल्ड निकष तेव्हा होता. जागा एमआरआयनं दाखवल्या होत्या. वेळेचा पुरावा नव्हता. २०१७च्या सुधारणेनंतर पाण्यातल्या या रेघा वेळेच्या पुराव्याच्या जागी धरता येत होत्या. नाहीतर दुसऱ्या झटक्याची वाट बघत बसायचं होतं. तो झटका तिच्या पायात आला असता, की उरलेल्या डोळ्यात, कुणी सांगावं.

पण रेघा म्हणजे एमएसचा शिक्का समजू नका. गोवरानंतर वर्षांनी मुलांना होणाऱ्या एसएसपीई नावाच्या मेंदूच्या आजारात त्या दिसतात, मेंदूतल्या सिफिलिसमध्ये दिसतात, इतर संसर्गांतही दिसतात. उलट रेघा नसल्या म्हणून एमएस नाहीच असंही नाही. युरोपात एमएसच्या दहातल्या जवळपास नऊ रुग्णांत त्या सापडतात, आशियात प्रमाण कमी पडतं. म्हणून धाकटीच्या रक्तात आणखी दोन प्रतिपिंडं तपासली: अ‍ॅक्वापोरिन-४ विरुद्धचं आणि मॉग विरुद्धचं (ही दोन्ही मज्जासंस्थेतली प्रथिनं). दोन्हींना मुख्यतः रक्तच लागतं. अ‍ॅक्वापोरिनचं असेल तर तो एनएमओ हा वेगळा आजार. तोही डोळ्याची नस आणि मणका पकडतो, आणि एमएसची काही औषधं त्यात उलटतात. २००४मध्ये व्हॅंडा लेनन यांच्या गटानं हे प्रतिपिंड शोधलं, त्याआधी कित्येकांना एमएस म्हणूनच औषधं मिळत होती. आपल्याकडे ही तपासणी सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. धाकटीच्या दोन्ही निगेटिव्ह आल्या.

नवं म्हणजे कप्पा फ्री लाइट चेन. प्रतिपिंड बनवताना पेशीकडून जास्तीचे सुटे तुकडे पाण्यात सांडतात, ते यंत्रावर सरळ आकड्यात मोजता येतात. जेल नको, रेघा वाचणारा डोळा नको. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित निकषांत रेघांच्या जागी हा आकडाही मान्य झालाय. लहान गावांच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट आहे. इथेही इंडेक्सच काढतात, म्हणजे इथेही जोडीचं रक्त लागतंच.

न्यूरोफिलामेंट लाइट चेनबद्दलही लोक मोबाइलवर वाचून विचारतात. तो प्रतिकारशक्तीचा खूण-पदार्थ नाही, मज्जातंतू तुटल्यावर त्याच्या आतल्या सांगाड्याचे जे कण सुटतात ते. रक्तातही मोजता येतो, पण प्रमाण किती सूक्ष्म! आम्ही बी-१२ मोजतो ते एका मिलिलिटरमध्ये काही शे पिकोग्रॅम, हे त्याच मापात दहा-वीस. वयाप्रमाणे वाढतो, वजनानंही बदलतो. एकट्या आकड्यावरून कुणी झोप उडवून घेऊ नये.

एप्स्टीन-बार नावाच्या विषाणूमुळे एमएस होतो का असं विचाराल, तर २०२२चा तो अमेरिकी सैनिकांचा अभ्यास मी दोनदा वाचला. एक कोटीहून जास्त जवान, वर्षानुवर्षं तपासणीनंतर उरलेलं आणि गोठवून ठेवलेलं त्यांचं सिरम. त्यातल्या ९५५ जणांना एमएस झाला, आणि जुन्या बाटल्या उघडल्यावर दिसलं की या विषाणूच्या लागणीनंतर धोका ३२ पट वाढतो. कुठल्यातरी टेक्निशियननं उरलेलं सिरम नीट लेबल लावून ठेवलं म्हणून हे कळलं. तरीही तुमच्या रक्तात हा विषाणू शोधायला पैसे घालू नका. तो जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाला कधीतरी होऊन गेलेला असतो आणि फार थोड्यांना एमएस होतो.

आणखी एक. उपचार सुरू झाल्यावर "आता पाणी परत तपासू, रेघा गेल्या का बघू" असं घरच्यांना वाटतं. आमच्या आईलाही वाटलं. रेघा बहुधा जन्मभर राहतात, माणूस बरं चालत-फिरत असलं तरी. त्यासाठी कुणी पुन्हा सुई टोचून घेऊ नये.

आचऱ्याच्या गृहस्थांच्या फॉर्मवर मी लाल पेननं तीन गोष्टी लिहून दिल्या: त्याच दिवशी रक्त, दोन्हींवर वेळ, सुई बोथट टोकाची. परवा त्यांचा फोन आला. पाणी काढलं, रक्त घेतलं, दोन्ही बाटल्या त्यांनी स्वतः पेटीत ठेवताना बघितल्या. रिपोर्ट अजून यायचाय.

धाकटी आता शाळेत जाते. उन्हाळ्यात दुपारी पाय जड होतात, तेव्हा वर्गात बसून शिकवते. तिला दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब हे बी पेशी कमी करणारं औषध देतात, आणि प्रत्येक डोसच्या आधी रक्तातल्या बी पेशी आणि आयजीजी मोजतात. त्या पेशी मोजायच्या सीडी-१९ तपासणीचं रक्त बर्फात ठेवायचं नसतं, साध्या खोलीच्या तापमानात दोन दिवसांच्या आत पोचवायचं असतं. ते घ्यायला मीच पहाटे मालवणला जाते. माजघरात, खिडकीपाशी. सुई मी घालते, पण जांभळ्या टोपणाची ट्यूब भरली की तीच ती माझ्या हातातून घेते, आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटीसुलटी करते, रक्त गोठू नये म्हणून. मग शाळेतल्या फळ्यावर लिहिते तशा वळणदार अक्षरात लेबलवर नाव घालते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ लिहिते, आणि विचारते, "ताई, दुसरी ट्यूब?"